वाळपई कोणत्या पक्षाची? लहान गावाचे मतदान वाचताना

विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपत असल्यामुळे गोव्यात चहाच्या गाड्यांवर आणि वर्तमानपत्रांच्या राजकीय स्तंभांत पुन्हा तीच ठरीव वाक्ये ऐकू येऊ लागली आहेत. अमुक गाव भाजपचे, तमुक गाव काँग्रेसचे, फोंड्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोच्या) सिंहाची डरकाळी अजून ओसरलेली नाही, सासष्टीत कमळ रुजणे कठीण. ही वाक्ये बोलणाऱ्याला खात्रीची वाटतात, कारण त्यांच्या पाठीशी मागच्या निवडणुकीचा निकाल उभा असतो. निकाल खोटा नसतो. त्यातून काढलेला अर्थ मात्र बहुतेक वेळा घाईचा असतो.

सत्तरी तालुक्यातील वाळपई घ्या. नगरपालिका असलेले, पण भोवतालच्या शेती-बागायतीवर आणि रानावर जगणाऱ्या खेड्यांची बाजारपेठ म्हणूनच ओळखले जाणारे हे छोटे शहर. या मतदारसंघाने २००७ मध्ये विश्वजीत राणे यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. २०१२ मध्ये आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तेच काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आले. निकालानंतर त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, ते भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत दहा हजारांहून अधिक मताधिक्याने पुन्हा जिंकले. २०२२ मध्येही तेच. या सर्व काळात लोकसभेसाठी वाळपई ज्या मतदारसंघात मोडते तेथून भाजपचे श्रीपाद नाईक १९९९ पासून सलग विजयी होत आले आहेत.

मग वाळपई कोणत्या पक्षाची? फेब्रुवारीत काँग्रेसची आणि ऑगस्टमध्ये भाजपची असे म्हणावे, तर सहा महिन्यांत हजारो माणसांचे विचार बदलले असे मानावे लागेल, आणि तसे काही झालेले नव्हते. प्रश्नच चुकीचा विचारला जात आहे. लहान गावाला पक्ष नसतो असे नाही, पण पक्ष हे तेथील मतदानाचे एकच अंग असते आणि प्रत्येक निवडणुकीत त्याचे वजन वेगळे पडते. ते कसे, हे पायरीपायरीने पाहू.

आधी मतदारसंघाचा आकार

गोव्याच्या राजकारणातील निम्म्या गोष्टी एका भागाकारातून उलगडतात. २०२२ मध्ये राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि विधानसभेच्या जागा ४०. म्हणजे एका आमदारामागे सरासरी २९ हजार मतदार. शेजारच्या महाराष्ट्रात हीच सरासरी सव्वातीन लाखांच्या पुढे जाते. तेथील एका आमदाराच्या मतदारांत आपले अकरा आमदार सहज बसतील.

या आकारामुळे आमदार आणि मतदार यांच्यातील नाते मुळातच वेगळे होते. २९ हजार मतदार म्हणजे साधारणपणे सात-आठ हजार घरे. पाच वर्षांत प्रत्येक घराच्या बारशाला, लग्नाला किंवा मयताला एकदा तरी पोहोचणे चिकाटीच्या आमदाराला अशक्य नसते, आणि गोव्यातील मुरलेले आमदार तसे पोहोचतातही. चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या सजावटीखाली, बसून गेलेला, आईला बांबोळीच्या इस्पितळात खाट मिळवून देणारा, मुलाच्या नोकरीचा अर्ज हातात घेणारा माणूस हा मतदाराच्या दृष्टीने आधी माणूस असतो आणि मग कुठल्यातरी पक्षाचा. मोठ्या मतदारसंघात उमेदवाराची ओळख पक्षावरून पटते. येथे पक्षाची ओळख उमेदवारावरून पटते. हा फरक लक्षात न घेता दिल्लीहून येणारे विश्लेषक गोव्याचे निकाल वाचतात आणि दर वेळी चकित होतात.

तीन निवडणुका, तीन प्रश्न

एकच मतदार पाच वर्षांत निदान तीन वेगळ्या प्रकारची मते देतो, आणि प्रत्येक वेळी त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

पहिले मत पंचायतीचे किंवा पालिकेचे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि त्यांच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत. सरपंचही लोकांकडून थेट निवडला जात नाही. निवडून आलेले पंच आपल्यातून एकाला निवडतात. प्रभाग काही शे मतदारांचा. तेथे चार मोठी कुळे, दोन वाडे, एक देवस्थान आणि एक स्वयंसाहाय्य गट यांचे गणित जमले की पंच ठरतो. मतदाराचा प्रश्न असतो: रात्री गटाराचे पाणी घरात शिरले तर मी कोणाला उठवू? निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'इतक्या पंचायती आमच्या' असे दावे सर्वच पक्ष करतात, पण मतपत्रिकेवर ज्याचे नावच नव्हते त्या पक्षाचा विजय मोजायचा कसा, हे कोणी सांगत नाही. सरपंचावर अविश्वास ठराव येण्याच्या बातम्या वर्षभर चालू असतात, त्यांचेही मूळ येथेच आहे. सात पंचांपैकी दोघे इकडचे तिकडे झाले की 'पंचायत फिरली' म्हणतात. गावातल्या एकाही मतदाराने मात्र तेव्हा मत दिलेले नसते.

दुसरे मत विधानसभेचे. येथे पक्ष असतो, चिन्ह असते, पण प्रश्न आहे तो सरकारदरबारी आपला माणूस कोण, हा. सरकारी नोकरी, बदली, गृह आधार योजनेतून गृहिणींना मिळणारे दरमहा दीड हजार रुपये, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे वृद्धांना मिळणारे मानधन, अडकलेला दाखला, नळाची जोडणी ही कामे कागदोपत्री हक्काची असली तरी लहान गावात ती कोणाच्या तरी शब्दाने होतात असा अनुभव आहे, निदान तशी समजूत तरी आहे. जो सत्तेत आहे किंवा जाण्याची शक्यता आहे त्याच्याकडे कल झुकतो तो यामुळे. याला कोणी लाचारी म्हणेल. मला तो हिशेब वाटतो, आणि कार्यालयात एका फेरीत काम होऊ लागले तर तोच मतदार तो वेगळा मांडील.

तिसरे मत लोकसभेचे. आमदाराचा चेहरा येथे मागे पडतो आणि देशाचे सरकार, धर्म, अस्मिता, पंतप्रधानपदाचा चेहरा हे विषय पुढे येतात. २०२२च्या विधानसभेत भाजपने ४० पैकी २० जागा जिंकल्या आणि त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी काँग्रेसचे आठ आमदारही त्याला येऊन मिळाले. आमदारांच्या संख्येवरून पाहिले तर २०२४च्या लोकसभेत दोन्ही जागा भाजपच्या झोळीत पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दक्षिण गोव्यात काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस यांनी भाजपच्या पल्लवी धेंपे यांचा १३,५३५ मतांनी पराभव केला. आमदार पक्ष बदलतो तेव्हा त्याच्यामागे मतदारही बदलतो हा समज त्या निकालाने खोटा पाडला. आमदाराला दिलेले मत त्याच्या नावाचे असते. ते दुसऱ्याच्या खात्यावर वळते करता येत नाही.

ही आजची गोष्ट नाही

गोव्याचे मतदार अलीकडेच असे 'तर्कापलीकडे' वागू लागले आहेत असे कोणाला वाटत असेल, तर त्याने साठ वर्षांपूर्वीचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

मुक्तीनंतरची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर, म्हणजे सर्वांचे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले. मगोचा जाहीर कार्यक्रम गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करण्याचा होता. १६ जानेवारी १९६७ रोजी त्याच प्रश्नावर जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. यानंतर मगो संपला असे कोणालाही वाटले असते. अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्याच मगोला पुन्हा सत्ता दिली.

याचा उलगडा अवघड नाही. ज्या कुळांनी आणि मुंडकारांनी (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांनी) पिढ्यानपिढ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणात उभे राहून बोलायचे, त्यांच्यासाठी मगोला दिलेले मत हे सर्वप्रथम बहुजनांच्या सत्तेसाठी दिलेले मत होते. गावोगावी मराठी शाळा निघत होत्या, १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला होता. त्यांतील बहुतेकांना विलीनीकरणही हवे होते, पण सर्वांनाच नव्हे. कौलात प्रश्न सुटा करून विचारला गेला, म्हणून उत्तरही सुटे मिळाले. विधानसभेच्या मतात मात्र दहा प्रश्न एकत्र बांधलेले असतात आणि उत्तर एकच द्यायचे असते. जाहीरनाम्यातील प्रत्येक ओळीला जनतेने संमती दिली असे विजयी पक्ष म्हणतो तेव्हा १९६७ आठवलेले बरे.

सर्वाधिक मते म्हणजे बहुमत नव्हे

आता मोजणीच्या पद्धतीकडे वळू, कारण गावाच्या कलाविषयीचे बरेच गैरसमज तिच्यातून जन्मतात. आपल्याकडे ज्याला इतर प्रत्येकापेक्षा जास्त मते पडतात तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मते मिळावी लागत नाहीत. २०२२ मध्ये भाजपला राज्यभरात सुमारे ३३ टक्के मते मिळाली आणि निम्म्या जागा मिळाल्या. रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला नऊ टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली आणि जागा एक. आम आदमी पक्षाला त्याहून कमी मते मिळूनही जागा दोन, तर तृणमूल काँग्रेसला पाच टक्के मते पडून एकही नाही. मते कोठे साठली आणि कोठे विखुरली, यावर हे सारे ठरते.

लहान मतदारसंघात याचा परिणाम आणखी टोकाचा होतो. २०२२ मध्ये साखळीतून मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी जिंकले. प्रियोळात गोविंद गावडे २१३ मतांनी, फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी, तर सांत आंद्रेत विरेश बोरकर ७६ मतांनी विजयी झाले. फोंड्याच्या निकालाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. विजयी उमेदवाराच्या मतदारांपैकी केवळ ३९ जणांनी दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे मगोच्या, उमेदवाराचे बटण दाबले असते तर निकाल उलटला असता. ३९ माणसे म्हणजे दोन मोठी एकत्र कुटुंबे. त्या दोन घरांनी वेगळा विचार केला असता तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्राने 'फोंड्याने पुन्हा सिंहाला साथ दिली' असे लिहिले असते, फोंड्याच्या मानसिकतेवर अग्रलेख आले असते, आणि त्यांतला प्रत्येक शब्द तितकाच पटला असता. एका आकड्याने सर्व काही जिंकून देणारी पद्धत जवळजवळ समसमान विभागलेल्या गावाला एकाच रंगात रंगवते. म्हणून विजेत्याच्या नावाआधी मताधिक्य पाहावे आणि मताधिक्याच्याही आधी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची मते.

'तुमच्या वाड्याने आम्हाला मत दिले नाही' हे त्यांना कसे कळते?

वाचकांच्या मनातील सर्वांत मोठे कोडे हे आहे, आणि त्यामागची भीतीही खरी आहे. मतदान गुप्त असते, मग निकालानंतर नेमक्या एका वाड्यावरचा रस्ता का रखडतो?

उत्तर यंत्रात आहे. मतदान संपले की केंद्राध्यक्ष मतदान यंत्राच्या नियंत्रण भागावरील 'क्लोज' बटण दाबतो, एकूण किती मते पडली हे नमुना १७-सी या कागदावर लिहितो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना सहीनिशी देतो. मोजणीच्या दिवशी ते यंत्र टेबलावर येते. उत्तर गोव्याची मोजणी २०२२ मध्ये पणजीत आल्तिनोवरच्या शासकीय तंत्रनिकेतनात झाली होती. जाळीपलीकडे बसलेले उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी पेन सरसावून असतात. मोहोर तपासली जाते, 'रिझल्ट' बटण दाबले जाते आणि पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा सरकत जातो. प्रतिनिधी तो उतरवून घेतो. केंद्राचा क्रमांक त्याला पाठ असतो: अमुक क्रमांक म्हणजे सरकारी प्राथमिक शाळेची डावी खोली, म्हणजे वरचा वाडा आणि देवळामागची घरे. संध्याकाळपर्यंत प्रत्येक केंद्राचा आकडा उमेदवाराच्या घरी पोहोचलेला असतो. पुढे निवडणूक आयोग नमुना २० या नावाने हीच केंद्रनिहाय माहिती अधिकृतपणे प्रसिद्ध करतो. ती कोणालाही पाहता येते.

गोव्यात मतदान केंद्रे सुमारे १,७०० आहेत. म्हणजे एका केंद्रावर सरासरी पावणेसातशे मतदार, आणि प्रत्यक्ष मतदान करणारे पाच-साडेपाचशे. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची सोय होती. यंत्र आले आणि वेग वाढला, चुका घटल्या, पण ही मिसळण मात्र गेली. व्यक्तीचे मत आजही गुप्त आहे, याविषयी शंका नसावी. यंत्रात कोणी कोणते बटण दाबले याची नोंद राहत नाही. आपले मत कोणाला नोंदले गेले हे मतदाराला दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी, जी गोव्यात २०१७ मध्ये सर्वच्या सर्व ४० मतदारसंघांत वापरली गेली, तिच्यावरही मतदाराचे नाव नसते. गुप्त राहिले नाही ते वाड्याचे मत.

आकडा किती सांगतो आणि किती नाही

येथे एक सापळा आहे आणि त्यात कार्यकर्ते, पत्रकार आणि आमदारही अडकतात. समजा एका घरमालकाच्या चार खोल्या चार बिऱ्हाडांना भाड्याने दिल्या आहेत आणि सर्वांचा वीजमीटर एकच आहे. महिनाअखेर बिल दुप्पट आले. कोणीतरी जास्त वीज वापरली हे नक्की, पण कोणी, हे बिल सांगू शकत नाही. मालकाला तिसऱ्या खोलीतील भाडेकरू आधीपासूनच आवडत नसेल तर तो त्याच्याकडेच बोट दाखवील, आणि बिल त्याला विरोध करणार नाही.

केंद्राचा निकाल असाच असतो. एका केंद्रावर दोनशे घरे एका समाजाची आणि पन्नास दुसऱ्याची असतील, आणि तेथे उमेदवार ६० मतांनी मागे पडला, तर 'त्या पन्नास घरांनी दगा दिला' असे लगेच ठरवले जाते. प्रत्यक्षात बहुसंख्य समाजातीलच मते फुटलेली असू शकतात, तरुणांनी घरातल्या मोठ्यांपेक्षा वेगळे मत दिलेले असू शकते, स्त्रियांनी पुरुषांपेक्षा वेगळे दिलेले असू शकते. समूहाच्या बेरजेवरून व्यक्तीचा निष्कर्ष काढता येत नाही, ही संख्याशास्त्रातील प्राथमिक गोष्ट आहे. तरीही या चुकीच्या निष्कर्षांवरून रस्ते अडतात आणि बदल्या होतात, तेव्हा त्या चुकीचे ओझे ज्याने दगा दिलाच नाही त्याच्या डोक्यावर पडते.

कार्यकर्त्यांची पद्धत यातून थोडी वाट काढते. मतदारयादी घेऊन ते घरोघर फिरतात आणि प्रत्येक नावापुढे खूण करतात: आपला, त्यांचा, डळमळीत. मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत कोण आले नाही ते पाहून निरोप जातात. निकालानंतर या खुणांची बेरीज केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहिली जाते. ती क्वचितच जुळते, कारण गोव्याचा मतदार दारात आलेल्या कोणालाच 'नाही' म्हणत नाही.

पण शेवटी जात-धर्मच सगळे ठरवतात ना?

या आक्षेपात तथ्य आहे. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ टक्के आणि मुस्लिम आठ टक्क्यांच्या आसपास आहेत. ख्रिस्तीबहुल सासष्टीत एक आणि हिंदुबहुल सत्तरीत दुसरे मतदान होते, यात समाजरचनेचा वाटा मोठाच आहे. २०२४ मध्ये दक्षिण गोव्याचा निकाल सासष्टी तालुक्यातील आघाडीने फिरवला, हे आकड्यांत स्पष्ट दिसते.

परंतु समाजरचना पाच वर्षांत बदलत नाही आणि निकाल बदलतात. तेव्हा निव्वळ समाजरचना त्यांचे कारण असू शकत नाही. २०१२ मध्ये भाजपच्या तिकिटावर सहा ख्रिस्ती उमेदवार निवडून आले. त्याच निवडणुकीत आलेमाव कुटुंबातील चार उमेदवार उभे होते आणि चौघेही पडले. घराणेशाही आणि खाणघोटाळ्याचे आरोप यांच्यावरील संताप त्या वर्षी धर्माच्या रेषेपेक्षा जाड ठरला होता. उलट गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि जनगणनेत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर भरले, तरी विधानसभेत त्यांच्यासाठी राखीव जागा नसल्यामुळे त्यांची मते अनेक मतदारसंघांत विखुरली जात आली. त्यासाठीचे विधेयक संसदेने २०२५ मध्ये संमत केले. जात-धर्म मताची दिशा सुचवतात. ते मत किती तीव्रतेने आणि कोणाच्या पदरात पडेल, हे उमेदवार, प्रसंग आणि जागांची आखणी ठरवते.

पैशांबाबत थोडक्यात. विधानसभेसाठी गोव्यातील उमेदवाराची कायदेशीर खर्चमर्यादा २८ लाख रुपये, म्हणजे एका मतदारामागे शंभर रुपयांहून किंचित कमी. याबाहेर खर्च होतो, हे सांगायला अभ्यासक लागत नाही. पण पैसे दोघांनी वाटले तर जिंकतो एकच. पैसा दार उघडून देतो, आत कोणाला बसवायचे ते घर ठरवते.

पक्ष सोडलेल्याला लोक पुन्हा कसे निवडून देतात?

सरसकट देत नाहीत. पक्षांतरबंदी कायद्यात एक पळवाट आहे: विधिमंडळ पक्षाच्या दोनतृतीयांश सदस्यांनी एकत्र विलीनीकरण केले तर त्यांची आमदारकी टिकते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी तोच मार्ग धरला. २०२२ मध्ये त्या दहांपैकी केवळ तिघे विधानसभेत परतले. सांत आंद्रेत ७६ मतांनी हरलेले फ्रान्सिस सिल्वेरा त्या दहांतलेच.

वाळपईचे उदाहरण वेगळे पडते ते दोन कारणांनी. तेथे आमदाराने राजीनामा देऊन पुन्हा मत मागितले. आणि सत्तरीत राणे घराण्याचे नाव कोणत्याही चिन्हापेक्षा जुने आहे. शेजारच्या पर्येत विश्वजीत यांचे वडील प्रतापसिंह राणे यांनी काँग्रेसचे आमदार म्हणून दशके काढली, आणि २०२२ मध्ये त्यांच्या सून दिव्या राणे भाजपच्या चिन्हावर १३,९४३ मतांनी जिंकल्या. तरीही सत्तरी मुठीत आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शेळ-मेळावली येथे आयआयटीसाठी जमीन घेण्याविरुद्ध २०२१च्या जानेवारीत ग्रामस्थ रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो प्रकल्प तेथून हलवावा लागला. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीवर आपले नाव नसणे, हे त्या संतापाचे मूळ होते. पुढच्या वर्षी वाळपईत विश्वजीत राणे आठ हजारांहून अधिक मतांनी जिंकले, पण दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेस किंवा मगो नव्हे, तर भूमिपुत्रांच्या हक्काची भाषा बोलणारा नवा रिव्होल्युशनरी गोवन्स पक्ष होता. आमदार कायम ठेवून विरोधक बदलण्याचा हा निकाल विजेत्याच्या नावावरून कळणारच नाही.

टक्केवारीचा चकवा

२०२२ मध्ये साखळीत मतदान ९० टक्क्यांच्या जवळ गेले आणि बाणावलीत ते ७० टक्क्यांच्या आसपास राहिले. साखळीकर जागरूक आणि बाणावलीकर उदासीन, असा अर्थ काढला गेला. बाणावलीच्या घराघरांतून तारवटी, म्हणजे खलाशी, जहाजांवर आहेत, कोणी आखातात, कोणी इंग्लंडमध्ये. नावे यादीत आणि माणसे समुद्रापार. टक्केवारीच्या छेदात तीही धरली जातात.

मतदारयादीच्या फेरतपासणीत हाच छेद बदलतो. हजार नावांच्या यादीत ७०० जणांनी मत दिले तर टक्केवारी ७० होते. मृत, स्थलांतरित आणि दुबार अशी शंभर नावे वगळली आणि पुन्हा तेच ७०० जण आले, तर ती जवळपास ७८ होते. एकही नवा मतदार घराबाहेर पडलेला नसतो. २०२७ मध्ये 'मतदानात विक्रमी वाढ' असा मथळा आला, तर टक्केवारी बाजूला ठेवून पडलेल्या मतांचा मूळ आकडा २०२२च्या आकड्याशी ताडून पाहावा. तसेच २०१२ आधीच्या निकालांशी तुलना करताना मतदारसंघांच्या सीमा मधल्या काळात बदलल्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे. नाव तेच असले तरी गावे तीच नसतात.

वाड्याचे मत पुन्हा गुप्त करता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येते. टोटलायझर नावाचे एक उपकरण आहे. त्याला चौदा यंत्रे जोडली की सर्वांची बेरीज एकदम दिसते, एकेका केंद्राचा आकडा उघड होत नाही. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये हा प्रस्ताव ठेवला आणि विधी आयोगाने २०१५ मधील २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. विरोधाचे एक कारण विचारात घेण्याजोगे आहे: केंद्रनिहाय आकडे उघड असल्यामुळेच एखाद्या केंद्रावरील गैरप्रकार लक्षात येतो. दुसरे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. आपण कोठे कमजोर आहोत हे प्रत्येक पक्षाला त्या आकड्यांतून कळते, आणि ती माहिती सोडायला कोणीच राजी नाही.

दरम्यान आयोगाने मतदारांची रांग कमी व्हावी म्हणून एका केंद्रावरील मतदारसंख्येची मर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणली आहे. वृद्धांना आणि डोंगराळ वाड्यांवरील लोकांना त्याचा फायदाच आहे. गोव्यात केंद्रे आधीच याच्या निम्म्या आकाराची आहेत. केंद्र जितके लहान, तितके मतदाराला चालावे कमी लागते, आणि त्याचा वाडा आमदाराच्या कागदावर तितकाच ठळक दिसतो.